वाकड्या भिंती, मोजक्या गोळ्या

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा. नवे ग्राफिक्स कार्ड घेतल्यावर तुम्ही धाकट्या भावाला सध्याचे झळाळते गेम दाखवलेत, पण दिवाळीची सगळी सुटी त्याने ‘सिग्नॅलिस’ आणि ‘क्रो कंट्री’ हे जुन्या धाटणीचे हॉरर गेम खेळण्यात घालवली. तुम्हीही तासभर बसून पाहिलेत. चित्र गढूळ वाटले, सामान ठेवायला सहाच खण मिळतात याचा वैताग आला, आणि तरीही एका बोळात पुढे जायला हात धजेना. यावर तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हे जुन्या आठवणींचे आकर्षण असेल, तर २००६ साली जन्मलेल्या आणि पहिले प्लेस्टेशन कधी न पाहिलेल्या मुलाला ते का वाटावे? आणि मित्राबरोबर असा एखादा छोटा गेम करायचा असेल, तर इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘पीएस वन’ (पहिले प्लेस्टेशन) धाटणीचा शेडर, म्हणजे चित्राचे रूप बदलणारा छोटा प्रोग्रॅम, लावला की काम भागेल का?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो: भागणार नाही. का भागणार नाही हे सांगताना पहिल्याचेही उत्तर मिळेल, कारण माझ्या मते हे दोन प्रश्न एकच आहेत. मी अकरा वर्षे पुण्यात छोट्या गेमसाठी लेव्हल डिझाइन, म्हणजे खेळातल्या जागांची आखणी, करतो. त्यांतले तीन गेम हॉरर होते आणि तिन्ही वेळा आम्ही दोघे-तिघेच होतो. पुढे जे लिहिले आहे ते त्या अनुभवातून आणि या प्रकारातले जुने-नवे गेम नको तितके खेळण्यातून आलेले आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात हे आधीच मान्य करतो. हेडफोन लावून रात्री एकट्याने खेळणारा आणि दुपारी मित्रांच्या घोळक्यात, मोबाईल हातात धरून खेळणारा, हे दोघे एकच गेम खेळत असले तरी एकाच अनुभवातून जात नाहीत. काहींना पडद्यावरच्या गोष्टींची मुळातच भीती वाटत नाही, आणि त्यांना ती वाटायला लावणे हे कोणत्याही डिझायनरचे काम नाही. शिवाय ‘जुन्या धाटणीचा हॉरर’ या एका नावाखाली आज फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. आपण इथे मुख्यतः सर्व्हायव्हल हॉररबद्दल बोलत आहोत, म्हणजे जिथे गोळ्या, औषध, जागा आणि उजेड हे सगळे मोजून मिळते अशा गेमबद्दल.

जुन्या आठवणींचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण माझ्या बाबतीत तो खराच आहे. ‘रेसिडेंट इव्हिल’ १९९६ साली आला. मला तो काही वर्षांनी एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, तासाच्या भाड्यावर खेळायला मिळाला. तिथल्या मालकाकडे मेमरी कार्ड एकच होते आणि ते तो गिऱ्हाइकांच्या हाती देत नसे, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. त्या वाड्याचे जेवणघर, पहिला झाँबी दिसतो तो बोळ, काचा फोडून कुत्री आत उडी घेतात तो दुसरा बोळ, एवढे मला स्वतःच्या घरासारखे पाठ होते. त्यापुढचा गेम मी चक्क नोकरीला लागल्यावर पाहिला. आजही नव्या गेममध्ये दार करकरत उघडले की माझ्या पोटात जे होते, त्यात त्या पार्लरचा वाटा नक्की आहे.

पण तुमच्या भावाचे काय? त्याच्यापाशी ही आठवण नाही. आणि गंमत अशी की आजचे हे गेम जुन्या चित्राशी फारसे प्रामाणिकही नाहीत. पहिल्या ‘रेसिडेंट इव्हिल’मधल्या खोल्या म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली स्थिर चित्रे होती, त्यांच्या भिंती आजच्या या गेमसारख्या थरथरणे शक्यच नव्हते, हलणाऱ्या होत्या त्या फक्त माणसांच्या आणि राक्षसांच्या आकृती. शिवाय त्या काळचा काचेचा टीव्ही रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळून टाकी, तेच ठिपके आजच्या सपाट पडद्यावर रांगोळीसारखे सुटे सुटे दिसतात. म्हणजे आज ज्याला ‘जुने रूप’ म्हणतात ते बऱ्याच अंशी आत्ताच घडवलेले आहे. ज्याने मूळ पाहिलेच नाही त्याच्यासाठी ती आठवण नसून चित्र काढण्याची एक शैली आहे, आणि शैली म्हणून ती काय साधते हेच पाहायला हवे.

ती शैली कुठून आली हे थोडे तपशिलात सांगतो, कारण शेडर लावणाऱ्या बहुतेकांना परिणाम माहीत असतो, कारण माहीत नसते. जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशनमध्ये मुख्य मेमरी २ एमबी आणि चित्रासाठीची मेमरी १ एमबी होती. त्रिमितीय आकृतीच्या त्रिकोणांचे कोपरे पडद्यावर बसवताना ते यंत्र पूर्ण पिक्सेलच्याच जागा वापरी, मधली अर्धी-पाव जागा त्याला ठाऊक नव्हती. पडदा साधारण ३२० बाय २४० पिक्सेलचा. त्यामुळे कॅमेरा सावकाश सरकला की कोपरे अलगद न सरकता एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर उड्या मारत आणि भिंत थरथरल्यासारखी वाटे. त्रिकोणावर टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचे चित्र, चढवताना त्याचा जवळचा भाग कोणता आणि दूरचा कोणता हा हिशेब ते करत नसे, सरळ ताणून बसवी; म्हणून पायाखालची फरशी आपण चालू लागलो की वाकडी होई. कोणता पृष्ठभाग पुढे आणि कोणता मागे हे पिक्सेलगणिक तपासण्याचीही सोय नव्हती. मागचे आधी रंगवायचे आणि पुढचे त्यावर, असा क्रम लावावा लागे. तो क्रम थोडा चुकला की भिंतीतून कपाटाची कड क्षणभर लुकलुकून जाई.

सीडी वाचण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३०० केबी. दोन एमबीची मेमरी काठोकाठ भरायची म्हटली तर सात सेकंद लागणार. ‘रेसिडेंट इव्हिल’मध्ये काळ्या पडद्यावर एक दार सावकाश उघडते, ते या प्रतीक्षेवर घातलेले पांघरूण होते. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये संपूर्ण गाव त्रिमितीत होते आणि लांबचे रस्ते काढण्याइतकी ताकद यंत्रात नव्हती, म्हणून गावावर धुके उतरवले आणि रात्री काळोख केला. दोन्ही ठिकाणी अडचणीवर जे पांघरूण घातले तेच भीतीचे मुख्य साधन ठरले. आज अडचण उरलेली नाही. तुमच्या कार्डाला ते अख्खे गाव काढायला काहीच वेळ लागणार नाही. तरीही धुके ठेवले जाते, कारण धुके काय करते हे दरम्यानच्या काळात आम्हा लोकांना कळले आहे.

ते काय करते, हे मला माझ्याच एका चुकीतून समजले. आमच्या दुसऱ्या गेममध्ये एका बंद पडलेल्या भातगिरणीचा भाग होता. गिरणीच्या मागच्या बोळात आकड्याला एक रिकामे गोणपाट लटकवलेले होते. निव्वळ सजावट, बाकी काही नाही. माझ्या जोडीदाराने त्याचे टेक्स्चर हौसेने १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे केले होते. तागाचे धागे, उसवलेली शिवण, कोपऱ्यातला पुसट झालेला शिक्का, सगळे दिसत होते. चाचणीला बसलेली मुले त्या गोणपाटावरून नजर फिरवून पुढे निघून जात. पुढे फाइलचा आकार कमी करण्यासाठी तेच टेक्स्चर ६४ बाय ६४ वर आणले, आणि बोळातला दिवाही मंद केला. आता त्या जागी एक तपकिरी, उभट, खांद्यासारखा उतार असलेला आकार उरला. पुढच्या चाचणीत मुले बोळाच्या तोंडाशी थबकू लागली. बहुतेकांनी त्या गोणपाटावर एक तरी गोळी झाडली.

इथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल की अस्पष्ट चित्र भीतिदायक असते, हे तर लहान पोरालाही कळते. खुंटीवरचा सदरा रात्री माणूस वाटतो, त्यातलेच हे. बरोबर आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. त्या वेळी खेळाडूच्या खिशात तीस गोळ्या होत्या. गोणपाटावर गोळी झाडली, ते गोणपाट निघाले, मुले हसली आणि पुढे गेली. खेळ संपल्यावर विचारले तर कोणालाही ते आठवत नव्हते. मग दुसऱ्या कारणासाठी मी त्या भागातल्या गोळ्या तीसवरून नऊवर आणल्या. चित्र तेच, दिवा तोच, आवाज तोच. आता मुले बोळाच्या तोंडाशी दहा-पंधरा सेकंद उभी राहत, एक पाऊल पुढे आणि एक मागे करत. एका मुलीने गोळी झाडली, गोणपाट आहे हे कळल्यावर हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि नंतर अर्धा तास ती त्या वाया गेलेल्या एका गोळीबद्दलच बोलत होती.

तुमच्या प्रश्नाचे मर्म मला त्या टेबलावर सापडले. गढूळ चित्र शंका निर्माण करते, पण शंकेची किंमत ठरवते ती टंचाई. नुसती शंका असेल तर ती विसरली जाते, नुसती टंचाई असेल तर तो हिशेबाचा खेळ होतो. दोन्ही एकत्र आल्या की एका गोणपाटासमोर माणूस पंधरा सेकंद उभा राहतो. शेडर तुम्हाला यातली पहिली गोष्ट देतो, तीही अर्धी. दुसरी तुम्हालाच बसून आखावी लागते.

आता त्या सहा खणांकडे येऊ, ज्यांचा तुम्हाला वैताग आला. ही कल्पना नवी नाही. पहिल्या ‘रेसिडेंट इव्हिल’मध्ये निवडता येणाऱ्या दोन पात्रांपैकी जिलला आठ आणि क्रिसला सहा खण मिळत, आणि खेळ सेव्ह करायचा तर टंकलेखन यंत्रासाठी शाईची रिबन लागे, जी मोजकीच सापडे. म्हणजे ‘थांबणे’ हीसुद्धा खर्चाची बाब होती. ‘सिग्नॅलिस’ने सेव्ह करणे फुकट ठेवले आणि ताण सगळा खणांवर टाकला. समजा तुम्ही सुरक्षित खोलीत, जादा सामान ठेवायच्या पेटीसमोर उभे आहात. पिस्तूल घ्यायलाच हवे, त्याच्या गोळ्यांना दुसरा खण. नायिका एल्स्टर ही मानवसदृश यंत्र असल्याने दुरुस्तीचा स्प्रे, तिसरा. ज्या दारासाठी निघालात त्याची किल्ली, चौथा. उरले दोन. पलीकडे काय सापडेल हे माहीत नाही, म्हणून ते मोकळे ठेवावेत असे वाटते. पण वाटेत काल पाडलेला एक शत्रू पडलेला आहे, आणि या गेममध्ये पाडलेला शत्रू पुन्हा उठू शकतो. त्याला कायमचे संपवायचे तर थर्माइटच्या फ्लेअरने जाळावे लागते. फ्लेअर घेतला तर एकच खण उरतो. न घेतला तर त्या बोळातून जाता-येता दोन्ही वेळा त्याच्याकडे पाहत चालायचे.

या पेटीसमोर काहीही भयंकर घडत नाही. उजेड आहे, संथ संगीत आहे, शत्रू तिथे येत नाही. तरीही भीती तयार होते ती इथेच, कारण खेळाडू इथे बसून पुढच्या दहा मिनिटांची कल्पना करत असतो. बाहेरच्या राक्षसाचे काम मग सोपे होते, त्याला केवळ यायचे असते. पाडलेला शत्रू उठण्याची युक्तीही परंपरेतूनच आली आहे; २००२ साली ‘रेसिडेंट इव्हिल’ नव्याने करताना पडलेले झाँबी न जाळल्यास अधिक चपळ होऊन उठत, आणि त्यांच्यासाठी रॉकेलही मोजूनच मिळे. मोठ्या खर्चाच्या गेममध्ये असे करता येत नाही असे नाही. पण ज्या गेमवर शेकडो लोकांचे पगार अवलंबून असतात, त्यात खेळाडू वैतागून सोडून जाईल ही भीती प्रत्येक बैठकीत समोर असते, आणि खण वाढवणे हा त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय असतो. दोघांच्या गेमला त्या बैठकीला बसावे लागत नाही.

कमी खर्चाचा खरा फायदा मला वाटतो तो हा आहे. कमी खर्च म्हणजे कमी श्रम असे मात्र समजू नका. ‘सिग्नॅलिस’ हॅम्बर्गच्या ‘रोझ-इंजिन’ या दोघांच्या चमूने केला आणि त्यावर कित्येक वर्षे घालवली, तेव्हा कुठे तो २०२२ साली आला. ‘क्रो कंट्री’ हा ब्रिटनमधल्या ‘एसएफबी गेम्स’चा, २०२४ चा, १९९० सालच्या एका बंद मनोरंजन उद्यानात घडणारा, आणि बाहुलीसारख्या ठेंगण्या आकृत्यांचा. हॉरर हा प्रकार लहान चमूंना मानवतो याची कारणे साधी आहेत. जागा लहान आणि बंद असली तरी चालते, उलट तशीच बरी. पात्रे थोडी पुरतात. काळोखाला चित्रकार लागत नाही. आणि दोन-तीन तासांत संपला म्हणून हॉरर गेमला कोणी नावे ठेवत नाही.

या बाबतीत माझे सगळ्यात आवडते उदाहरण सर्व्हायव्हल हॉररच्या काटेकोर व्याख्येत बसत नाही, तरी देतो. डेव्हिड शिमान्स्की यांचा २०२२ चा ‘आयर्न लंग’. रक्ताच्या समुद्रात सोडलेली एक गंजकी पाणबुडी, आत खोली एकच, खिडकी नाही. नकाशा आणि आकडे पाहून पाणबुडी हाकायची, आणि बाहेर काय आहे ते पाहायचे तर बटण दाबून एक रवाळ, स्थिर फोटो काढायचा. बास. राक्षस चालवून दाखवायचा खर्च नाही, समुद्र काढायचा खर्च नाही. आणि तरीही ते बटण दाबण्यापूर्वी जे वाटते ते मला कोट्यवधींच्या कुठल्याही गेमने दिलेले नाही. इथे टंचाई गोळ्यांची नाही, पाहण्याचीच आहे.

विषयांचेही तसेच. २०२४ चा ‘कॉन्स्क्रिप्ट’ हा ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाने प्रामुख्याने एकट्याने केलेला गेम पहिल्या महायुद्धातल्या, १९१६ च्या व्हर्दूनच्या खंदकांत घडतो. तिथे राक्षस नाहीतच, समोरचे सैनिक आहेत, पण खण, किल्ल्या आणि मोजक्या गोळ्या मात्र परिचयाच्या. फिनलंडच्या मिरो हाव्हेरिनेन यांनी २०१८ साली ‘फिअर अँड हंगर’ हा अत्यंत निष्ठुर गेम ‘आरपीजी मेकर’सारख्या, मुले शिकण्यासाठी वापरतात अशा साधनात केला (तो भावाला दाखवण्यापूर्वी विचार करा, त्यातला मजकूर खरोखर प्रौढांसाठीच आहे). जुने म्हणजे फक्त प्लेस्टेशन असेही नाही. २०२२ चा ‘फेथ’ तर १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकांसारखा, मूठभर रंगांत काढलेला आहे.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, अपुरे चित्र खेळाडूला शंका घ्यायला लावते, अपुरे सामान त्या शंकेची किंमत त्याच्याकडून वसूल करते, आणि लहान चमू ही दोन्ही अपुरेपणे शेवटपर्यंत टिकवू शकतो. तुमच्या भावाला जुने यंत्र आठवण्याची गरजच नाही. त्याने आजवर जे गेम खेळले असतील त्यांपैकी बहुतेकांत पुढे कुठे जायचे याचा बाण पडद्यावर असतो, जखम आपोआप भरून येते आणि गोळ्या संपत नाहीत. त्याच्या दृष्टीने हा गेम जुना नाहीच. आपल्यावर भरवसा टाकणारा, आणि म्हणून आपली चूक आपल्याच पदरात टाकणारा, असा तो नवा गेम आहे.

नियंत्रणांबद्दल मात्र मी जुन्याचा वकील नाही. ज्यांना ‘टँक कंट्रोल्स’ म्हणतात, म्हणजे वरचे बटण दाबले की पात्र स्वतःच्या तोंडासमोर चालणार आणि डावे-उजवे दाबले की जागेवर वळणार, ती खोडसाळपणे आणलेली नव्हती. कॅमेरे खोलीच्या कोपऱ्यांत पक्के बसवलेले असत. बोळाच्या मध्यावर दृश्य अचानक बदले आणि मघाचे ‘डावीकडे’ आता ‘खाली’ होऊन जाई. पात्राच्या तोंडाकडून दिशा मोजली की हा घोळ होत नाही. आज पक्का कॅमेरा नसेल तर त्या नियंत्रणांचे कारणच उरत नाही. ‘क्रो कंट्री’त कॅमेरा फिरवता येतो आणि साध्या पद्धतीने चालताही येते, म्हणून भीती कमी झालेली मला दिसली नाही. त्याच गेममध्ये शत्रूंशिवाय नुसते फिरण्याचा वेगळा पर्यायही आहे. तो घेतलात तर मात्र मी वर म्हटलेले सगळे गणित बाजूला पडते आणि कोडी तेवढी उरतात. दमून आलेल्या माणसासाठी तेही वाईट नाही.

पक्क्या कॅमेऱ्याबद्दल एक व्यावहारिक सूचना. तो स्वस्त वाटतो पण नसतो. प्रत्येक खोलीचे चार-पाच कोन, प्रत्येक कोनात शत्रू कुठून दिसेल आणि कुठून फक्त ऐकू येईल याचा विचार, आणि दोन कोनांच्या सीमेवर उभे राहिल्यावर दृश्य मागेपुढे उडत राहणार नाही याची काळजी. आमच्या पहिल्या गेममध्ये आम्ही तो मोह केला आणि निम्मे वर्ष त्यात गेले. मात्र जमला तर त्याला तोड नाही, कारण पावलांचा आवाज येत असतो आणि तो करणारा चौकटीच्या बाहेर असतो.

आवाजाला छोट्या चमूंनी सगळ्यात जास्त वेळ द्यावा असे माझे मत आहे, आणि प्रत्यक्षात तो सगळ्यात कमी दिला जातो. ‘सायलेंट हिल’मधला खिशातला रेडिओ आठवा: राक्षस जवळ आला की तो खरखरतो. किती जवळ ते थोडेफार कळते, कुठल्या बाजूला ते धुक्यात कळत नाही. खेळाडूला माहिती दिली, पण वापरता येईल इतकी दिली नाही. एका खरखरीच्या फाइलने हे साधते.

आता जे फसतात त्यांच्याबद्दल. दर महिन्याला थरथरत्या भिंतींचे, व्हिडिओ कॅसेटसारख्या रेघा मारलेले कितीतरी छोटे गेम येतात, आणि मी त्यांपैकी बरेच पंधरा मिनिटांत बंद करतो. बहुतेकांत एकच दोष असतो. चित्र अपुरे असते, पण खेळात गमावण्यासारखे काहीच नसते. तुम्ही बोळातून चालता, चिठ्ठ्या वाचता, ठरलेल्या जागी कोणीतरी किंचाळत समोर येते, तुम्ही दचकता, पुढे चालता. दुसऱ्यांदा खेळलात तर कोणी किंचाळले तरी तुम्ही जांभई देता. याला अपवाद आहेत हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. स्वीडनच्या चमूचा २०२४ चा ‘माउथवॉशिंग’ टंचाईचा हिशेब जवळजवळ न मांडताही अंगावर येतो, पण तो पूर्णपणे लेखनाच्या जोरावर. माल वाहणाऱ्या अंतराळयानातल्या पाच माणसांची ती गोष्ट आहे, आणि ती कादंबरीकाराच्या तयारीने लिहिलेली आहे. तुमच्या दोघांपैकी कोणी तसे लिहीत असेल तर माझा निम्मा सल्ला विसरा.

लिहीत नसाल तर पुढीलप्रमाणे करून पाहा. शेडरला पहिले दोन महिने हात लावू नका. चार खोल्या, दोन बोळ, एक सुरक्षित खोली, सगळे राखाडी ठोकळ्यांचे. शत्रूही ठोकळाच, फक्त लाल. मग कागदावर हिशेब मांडा. माझ्या गिरणीच्या भागात शत्रू चार होते आणि प्रत्येकाला पाडायला तीन गोळ्या लागत, म्हणजे बारा. मी ठेवल्या नऊ. एका शत्रूला टाळावेच लागणार, आणि त्याला टाळता येईल असा एक फेरा, थोडा लांबचा, मी मुद्दाम ठेवला होता. हे खेळाडूला कुठेही लिहून सांगितलेले नव्हते, पण दुसऱ्या शत्रूनंतर बहुतेकांना ते आपणहून उमगे, आणि मग ‘कोणाला सोडायचे’ हा विचार सुरू होई. त्याच वेळी नेम चुकण्याचा हिशेबही धरावा लागतो. अगदीच रिते झालेल्या खेळाडूसाठी मी एक लबाडी करतो: गोळ्या शून्य आणि प्रकृती खालावलेली असेल तर पुढच्या कपाटात गुपचूप दोन गोळ्या टाकतो. यात लाजण्यासारखे काही नाही; २००५ च्या ‘रेसिडेंट इव्हिल ४’सारखा नावाजलेला गेमही खेळाडू कसा खेळतो आहे ते पाहून अवघडपणा कमी-जास्त करत असे. फक्त ती लबाडी खेळाडूला कळता कामा नये, कारण कळल्याबरोबर त्याची काटकसर संपते.

हे ठोकळे घेऊन गेम न पाहिलेल्या तीन-चार जणांना बसवा आणि त्यांच्या मागे गप्प उभे राहा. गप्प राहणे सगळ्यात अवघड आहे. राखाडी बोळाच्या तोंडाशी कोणी थबकले, तर आराखडा जमला. मगच टेक्स्चर आणि धुके आणा, थरथरही आणा, पण ती कमी-जास्त करण्याची सोय सेटिंगमध्ये ठेवा. काहींना त्या थरथरीने खरोखर मळमळते, आणि ती भीती नव्हे. विकण्याच्या बाजूने एकच इशारा देतो: स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. तुमचा गेम दीड तासाचा असला तर तो पूर्ण खेळून पैसे परत घेणारेही भेटतील. त्यापायी गेम ओढूनताणून लांब करू नका, किंमत बेताची ठेवा.

राहिला तुमचा तो बोळ, जिथे तुमचा हात धजेना. तुम्ही लिहिले आहे की तिथे मागे फिरून गेम बंद केलात. पुन्हा बसलात तर भावाला विचारू नका; पेटीपर्यंत परत जा, कोणत्या दोन गोष्टी मागे ठेवता येतील ते पाहा, आणि दिवा मालवून हेडफोन लावून त्या बोळात जा. त्या वेळी पेटीसमोर तुम्ही किती वेळ घालवलात तेवढे मला जरूर कळवा.